जळगावहून जर्मनीला : पहिल्या सत्राचे वर्ग सुरू करताना

एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासून मिळतं ते), ब्लॉक खातं (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं), मुंबईतली व्हिसाची अपॉइंटमेंट यांबद्दल सांगणारे आता आपल्याकडे ढिगानं सापडतात. जळगाव-धुळ्यात तर कन्सल्टन्सीचे बोर्ड क्लासच्या बोर्डांशेजारीच लागलेले असतात. विमानात बसेपर्यंत सगळे मदतीला असतात. पण तिकडे पोचल्यावर पहिल्या सोमवारी कुठल्या खोलीत जायचं, कुठले विषय घ्यायचे, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, हे विचारलं की सगळे गप्प. हा लेख त्यासाठी आहे. डोळ्यांसमोर आहेत जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्सला निघालेली मुलं-मुली. एका सत्रासाठी एक्स्चेंजवर जाणाऱ्यांची कागदपत्रं थोडी वेगळी असतात, वर्गातला भाग मात्र तोच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तिथे तुम्हाला कोणी हाक मारणार नाही. आपल्याकडे परीक्षेच्या फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर लागते, वर्गाच्या ग्रुपवर चार वेळा येते, तरी राहिली तर ऑफिसमधले भाऊ फोन करतात, आणि मग विलंब शुल्क भरून का होईना, काम होतं. हजेरी कमी पडली तर सर बोलावून झापतात. जर्मनीत यातलं काहीच नसतं. बहुतेक व्याख्यानांना हजेरीच घेत नाहीत. तुम्ही सहा आठवडे आला नाहीत तरी कोणाला पत्ता नसतो, आणि तारीख चुकली की चुकली. तिथला अभ्यासक्रम आपल्यापेक्षा फार अवघड असतो असं नाही. आपली मुलं अडखळतात ती बहुतेक या एका फरकामुळे.

निघण्याआधी, घरीच

प्रवेशपत्र हातात आलं की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या अभ्यासक्रमाच्या दोन फाइल उतरवून घ्या. एक ‘मोडूलहांडबुख’, म्हणजे प्रत्येक विषयात काय शिकवणार, किती क्रेडिट, परीक्षा लेखी की तोंडी, आधी काय येणं अपेक्षित आहे याची पुस्तिका. दुसरी ‘प्रूफुंग्सओर्डनुंग’, म्हणजे परीक्षेचे नियम. दुसरी फाइल बऱ्याचदा फक्त जर्मनमध्ये असते. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून वाचा, पण वाचा. कुठले विषय सक्तीचे, एका विषयाला किती वेळा बसता येतं, प्रबंधाआधी किती क्रेडिट हवेत, हे सगळं तिच्यातच असतं. सीनियर सांगेल ते त्याच्या वर्षाचं खरं असेल. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेला नियम तुम्ही स्वतः पाहिलेला बरा.

विषयांच्या वर्णनात ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना असतो. त्यात रेषीय बीजगणित लिहिलेलं असेल आणि तुमचं ते दुसऱ्या वर्षानंतर हातातून सुटलेलं असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबर त्याच्यासाठी ठेवा. तिथे गेल्यावर पहिले दोन महिने घर, बँक, विमा यांतच जातात.

एक्स्चेंजवाल्यांनी इथल्या कॉलेजकडून विषयांची यादी निघण्याआधीच लेखी मंजूर करून घ्यायची. ‘आल्यावर बघू’ हे तोंडी आश्वासन घेऊन निघू नका. आल्यावर विभागप्रमुख बदललेले असू शकतात.

कागदपत्रांबद्दल दोनच गोष्टी. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर त्याची मांडणी वेगळी असते. विद्यापीठाच्या पोर्टलवर सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, नाहीतर ओळखपत्र एका नावाचं आणि विमा दुसऱ्या नावाचा असा घोळ होतो. आणि मूळ पदवी प्रमाणपत्र अजून मिळालं नसेल तर त्यासाठीचा अर्ज घर सोडायच्या आत करून टाका. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर नावनोंदणी झाली तरी मूळ प्रत सादर करायला मुदत घालून देतात. तेव्हा तुम्ही तिकडे आणि विद्यापीठात खेटे घालणार वडील इकडे, अशी वेळ येऊ देऊ नका.

वर्गांच्या आधीचे पंधरा दिवस

हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. व्याख्यानं मात्र बहुतेक विद्यापीठांत ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत ती आणखी आधी, काही ठिकाणी सप्टेंबरातच. म्हणजे ‘ऑक्टोबर’ एवढ्यावर तिकीट काढू नका, तुमच्या विभागाची तारीख पाहा. जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी पोचा.

पोचल्यावर कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी राहायचा पत्ता. तो मिळाला की घरमालकाकडून तुम्ही तिथे राहता असं सही केलेलं पत्र घ्यायचं आणि शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि नियमानं ती घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते आणि ऑक्टोबरात मोठ्या शहरांत ती सहज मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाल्या झाल्या, जळगावात बसूनच, बुक करा. याच नोंदीच्या कागदावर बँक आणि निवास परवाना ही पुढची कामं चालतात. ब्लॉक खात्यातले पैसेही चालू खातं उघडल्यावरच महिन्याच्या हप्त्यानं मिळू लागतात. २०२४च्या सप्टेंबरपासून तो हप्ता ९९२ युरो आहे, वर्षाचे ११,९०४.

विद्यापीठातली नावनोंदणी वेगळी. ती झाल्याशिवाय तुम्ही तिथले विद्यार्थी नाही, प्रवेशपत्र हातात असलं तरी. तिच्यासाठी आरोग्य विम्याची माहिती लागते, आणि इथे बरेच जण अडकतात, कारण विमा काढल्याचा कागद तुम्ही दाखवून चालत नाही. विमा कंपनीनं विद्यापीठाला थेट संगणकावरून संदेश पाठवावा लागतो. त्याचं नाव ‘एम-१०’. कंपनीला एवढंच लिहा : अमुक विद्यापीठाला माझा एम-१० पाठवा. वयाची तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दराचा सरकारी विमा मिळत नाही, त्यांनी हा प्रश्न निघण्याआधीच सोडवायचा.

सत्राची वर्गणी भरली, नोंदणी झाली की विद्यार्थी क्रमांक, विद्यापीठाचा ईमेल आणि पोर्टलचा पासवर्ड मिळतो. वर्गणी विद्यापीठागणिक बदलते, साधारण १०० ते ४०० युरोंमध्ये असते, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासाचा पास तिच्यातच येतो. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे मात्र सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७पासून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशाच नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलंय.

व्हिसाच उशिरा आला तर? हे दरवर्षी होतं. घाबरून गप्प बसू नका. विभागाच्या समन्वयकाला आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाला एकाच वेळी लिहा : व्हिसासाठी अमुक तारखेला अर्ज केला, अजून आलेला नाही, नोंदणीची शेवटची तारीख कोणती, पहिले आठवडे घरून करता येतील का, आणि नाहीच जमलं तर प्रवेश पुढच्या सत्रात नेता येईल का? उत्तर लेखी घ्या. नोव्हेंबरच्या शेवटी पोचून पाच विषय धरण्यापेक्षा तीन नीट करणं किंवा प्रवेश पुढे नेणं, मला तरी शहाणपणाचं वाटतं. एजंट याच्या उलट सांगेल.

वेळापत्रक तुम्हीच बनवायचं

आपल्याकडे वेळापत्रक हातात मिळतं. तिथे तुम्ही ते जुळवता. पोर्टलवर विषयांची यादी असते, त्यातून सक्तीचे आणि ऐच्छिक निवडायचे, वेळा एकमेकांवर येत नाहीत ना ते पाहायचं. सत्राला ३० क्रेडिट हा सर्वसाधारण हिशोब. एका क्रेडिटमागे ३० तास काम धरतात.

या हिशोबाकडे जरा नीट बघा, कारण फसगत इथेच होते. पाच क्रेडिटचा विषय म्हणजे दीडशे तास. आठवड्यातून दोनदा दीड तास वर्ग, असे चौदा आठवडे : झाले बेचाळीस. उरलेले शंभराहून जास्त तास तुम्ही ग्रंथालयात, खोलीत किंवा मित्रांबरोबर बसून करणार, असं गृहीत धरूनच अभ्यासक्रम आखलेला असतो. पहिल्या आठवड्यात वेळापत्रकात रिकामे चौकोन दिसतात आणि वाटतं, वा, दोन दिवस मोकळे! ते मोकळे नसतात. तिथे लगेच पार्ट-टाइम नोकरी भरून टाकणाऱ्यांचे फेब्रुवारीत हाल होतात.

पहिल्या दोन आठवड्यांत जास्तीचे एखाद-दोन विषय ऐकून पाहायची मुभा साधारण असते. तिचा फायदा घ्या. सेमिनार आणि प्रयोगशाळेच्या जागा मात्र मोजक्या असतात, त्यांची नोंदणी आधी बंद होते, आणि पहिल्या बैठकीला न येणाऱ्याची जागा प्रतीक्षा यादीतल्याला देतात. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातला जर्मनचा वर्गही याच दिवसांत भरतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी तो घ्याच, कारण कार्यालयातली चिठ्ठी आणि डॉक्टरची पाटी जर्मनच असणार.

वेळापत्रकावर ‘१०–१२ सी.टी.’ असं दिसलं तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो आणि पावणेबाराला संपतो. ‘एस.टी.’ लिहिलं असेल तर ठोक्याला. (आपली एस.टी. मनात आणू नका, हिला उशीर माहीत नाही.) परीक्षा सहसा ठोक्यालाच असतात.

पहिला तास

ओरिएंटेशनच्या आठवड्याला दांडी मारू नका. खेळ, शहरफेरी, बिअर हे सगळं पोरकट वाटेल, पण सत्रभराचा गट तिथेच जमतो. विभागाच्या विद्यार्थी मंडळाची, म्हणजे ‘फाखशाफ्ट’ची खोली कुठे आहे ते त्याच आठवड्यात पाहून ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिका बऱ्याचदा त्यांच्याकडेच मिळतात, आणि कुठला विषय कोणाकडे घ्यावा हे तिथली मुलं मोकळेपणानं सांगतात.

वर्गात प्राध्यापक आल्यावर कोणी उभं राहत नाही. तुम्हीही राहू नका. मध्येच हात वर करून ‘हे समजलं नाही’ म्हणणं उद्धटपणा समजत नाहीत. व्याख्यान संपलं की सगळे बोटांच्या सांध्यांनी बाकांवर टकटक करतात. ती दाद आहे, टाळ्यांच्या जागी. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी व्याख्यानाची धास्ती असते. त्यात जर्मन प्राध्यापकाचा उच्चार आणखी निराळा. उपाय साधा आहे. मूडल किंवा तत्सम पोर्टलवर स्लाइड आधी चढवलेल्या असतील तर त्या आदल्या रात्री वाचून जा, आणि पुढच्या रांगांत बसा. निम्मे शब्द डोळ्यांखालून गेलेले असले की कान उरलेले पकडतो. तीन आठवड्यांत फरक पडतो. व्याख्यान न विचारता रेकॉर्ड करू नका, तिकडे ते गंभीर मानतात.

गृहपाठाचे कागद

व्याख्यानाला जोडून ‘युबुंग’ असते, म्हणजे सरावाचा वर्ग. बहुतेक तांत्रिक विषयांत दर आठवड्याला प्रश्नांचा एक कागद पोर्टलवर येतो. समजा गुरुवारी आला, तर पुढच्या गुरुवारी सकाळी दहापर्यंत दोघा-तिघांच्या गटानं सोडवून पीडीएफ चढवायची. दहा वाजून एक मिनिटानं खिडकी बंद. सहायक तपासतो, गुण देतो, आणि पुढच्या वर्गात कोणालातरी फळ्यावर बोलावतो. कित्येक विषयांत या कागदांचे मिळून ठरावीक गुण, बऱ्याचदा निम्मे, मिळाल्याशिवाय अंतिम परीक्षेलाच बसता येत नाही. ही अट पहिल्या तासाच्या स्लाइडवर कुठेतरी एका ओळीत असते. ती ओळ शोधा.

आता जरा स्पष्ट बोलतो. प्रात्यक्षिकाची जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवायची, आकडे थोडे मागेपुढे करायचे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री चार जणांनी एकाच खोलीत बसून पूर्ण करायची, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती तिकडे नेऊ नका. दोन गटांच्या उत्तरांत एकच चूक सापडली तर दोघांचे गुण जातात. प्रकल्प आणि निबंधाबरोबर ‘हे काम माझं स्वतःचं आहे’ अशा निवेदनावर सही द्यावी लागते. ती खोटी ठरली तर विषय नापास, आणि प्रकरण वाढलं तर विद्यापीठातून नाव कमी होण्यापर्यंत जाऊ शकतं. एआयची साधनं कुठपर्यंत चालतात हे प्रत्येक विषयात वेगळं असतं, तेव्हा विचारूनच वापरा.

गट निवडताना सगळे महाराष्ट्रातलेच घेऊ नका. गप्पा छान होतात, कागद राहतो. एक तरी जर्मन मूल गटात असेल असं पाहा, नियमांची पळवाट आणि प्राध्यापकाची सवय त्याला माहीत असते. सेमिनारमध्ये विषय वाटताना डिसेंबरच्या सुरुवातीची तारीख मागा. पहिल्या आठवड्यातली घेतली तर तयारीला वेळ नाही, जानेवारीतली घेतली तर परीक्षा डोक्यावर.

प्राध्यापकांना लिहिताना

विद्यापीठाच्याच ईमेलवरून लिहा, विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव आणि खाली तुमचा विद्यार्थी क्रमांक द्या. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, हुद्दा आणि आडनाव लावा. तब्येत विचारणारा परिच्छेद, ‘काइंडली डू द नीडफुल’, शेवटी तीन वेळा आभार, हे सगळं गाळा. दोन ओळींत प्रश्न, एका ओळीत तुम्ही स्वतः आधी काय शोधून पाहिलं ते. ज्याचं उत्तर पोर्टलवर आहे असा प्रश्न विचारला की उत्तर फक्त एका दुव्याचं येतं, किंवा येतच नाही. भेटायचं असेल तर त्यांची आठवड्यातली ठरलेली वेळ असते, आधी कळवून जा. त्या वेळेत प्राध्यापक नीट बसून समजावतात, पण फार कमी विद्यार्थी जातात. तुम्ही जा.

परीक्षा : इथे चूक महागात पडते

विषयाच्या वर्गाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, ठरावीक दिवसांत. अनेक ठिकाणी ती नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान उघडते आणि मिटते. नेमक्या तारखा परीक्षा कार्यालयाच्या पानावर असतात. त्यांचे पहिल्याच आठवड्यात मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा, आणि नोंदणी झाल्यावर पोर्टलचं पान पीडीएफ करून जपा. माघार घ्यायचीही तारीख असते. तयारी नसेल तर तिच्या आत नाव काढा. नाव असताना गेला नाहीत तर नापास धरतात. आजारी असाल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लगेच पाठवावं लागतं, आठवड्यानं नाही.

लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि कित्येक विषयांत शंभर टक्के गुण तिच्यावरच असतात. अंतर्गत चाचणीचे वीस-तीस गुण पदरात पडलेले नसतात. ‘इम्पॉर्टंट प्रश्न’ कोणी देत नाही. वाक्यं पाठ करून पान भरलं तर गुण मिळत नाहीत, कारण प्रश्न बहुतेक नव्या उदाहरणावर असतो.

एका विषयाला साधारण तीनच संधी असतात, काही ठिकाणी दोनच. सक्तीच्या विषयात सगळ्या संधी संपल्या तर त्या अभ्यासक्रमातून नाव जातं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेणंही सहसा बंद होतं. म्हणून ‘बसून तर पाहू’ म्हणत परीक्षेला बसू नका. आपल्याकडे एटीकेटी पुढे ढकलत नेता येते, तिकडे ती सवय धोक्याची.

गुण उलटे असतात : १.० सर्वांत चांगला, ४.० काठावर पास, ५.० नापास. घरी फोनवर ‘एक मिळाला’ म्हणाल तर आई काळजीत पडेल, आधी समजावून ठेवा. तुमचे इथले गुण तिकडे कसे मोजले गेले याचंही एक सूत्र आहे. कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान पासच्या गुणांनी भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. दहापैकी आठ सीजीपीए आणि पास चारला असेल तर उत्तर २.० येतं.

वर्गाबाहेरचं, थोडक्यात

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, हा २०२४पासूनचा नियम. विद्यापीठातच सहायक म्हणून केलेलं काम या मोजणीत धरत नाहीत. वर्ग चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर गेलात तर विम्याचा विद्यार्थी दरही अडचणीत येतो. पहिल्या सत्रात नोकरी टाळता आली तर टाळा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. घराशी फरक साडेतीन तासांचा होता तो साडेचार होतो. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो. मे महिन्यातलं भुसावळ सोसलेल्या माणसाला थंडीपेक्षा हा अंधार जास्त छळतो. सकाळचे वर्ग घ्या, दिवसाउजेडी बाहेर पडणं होतं.

बॅगेत डाळ, मसाला, पापड, कळण्याचं पीठ न्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको : युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताज्या फळभाज्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यातून सुटलेली फळं पाचच : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे रावेरची केळी कायद्यानं चालतात, भरताचं वांगं नाही.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन परीक्षेच्या धामधुमीत, पुढच्या सत्राची वर्गणी भरायची मुदत येते. हिला ‘र्‍युकमेल्डुंग’ म्हणतात. आठवणीचा ईमेल आला तर विद्यापीठाच्या ईमेलवर येईल, म्हणून तो रोज उघडत जा. मुदतीत भरली नाही तर उशिराचा आकार लागतो, आणि तरीही राहिली तर पटावरून नाव निघतं. मग निवास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. पैसे पाठवताना विद्यार्थी क्रमांक आणि पोर्टलवर दिलेला संदर्भ जसाच्या तसा टाका, आणि चार दिवसांनी पोर्टलवर नवं सत्र दिसतंय का ते पाहा.